पावसाळ्यात काच अडली, आरसा वळेना: मोटर बदलण्याआधी काय तपासाल

तक्रार येते ती बहुतेक एकाच वाक्यात: “मेस्त, काचेची मोटर गेली, नवी घाला.” दार खोलून बघितलं की मोटर बहुधा धडधाकट निघते. बिघडलेला असतो तो स्विच, नाहीतर वायर, नाहीतर रबर. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. कळंगुट-कोलव्याकडच्या गाड्यांना वर खारी हवा, डिचोली-सावर्ड्याकडच्या गाड्यांना खनिजाची तांबडी धूळ. फोंड्यात बसून मी दोन्हीकडच्या गाड्यांची विजेची कामं करतो आणि दर पावसाळ्यात तेच तेच दुखणं बघतो. म्हणून ज्या क्रमाने मी तपासतो, त्याच क्रमाने इथे लिहितोय. पहिल्या बऱ्याच गोष्टी घरच्या अंगणात, एक पैसा न खर्चता होतात.

लक्षणं

बटण दाबून नीट ऐका. डोळ्यांपेक्षा कान इथे जास्त कामाचे.

- काहीच नाही. ना आवाज, ना हालचाल.
- दारातून ‘टक्’ आवाज येतो किंवा मोटर कण्हते, पण काच तसूभर हलत नाही.
- खाली झटकन जाते, वर येताना रखडते. कधी अर्ध्यावरच थांबते आणि थोड्या वेळाने परत चालते.
- मोटर फिरताना स्वच्छ ऐकू येते, पण काच जागेवर. किंवा कडकड आवाज होऊन काच एका बाजूला तिरकी झाली.
- एका दाबात वर जाणारी ऑटो काच वर पोचते आणि आपोआप परत खाली येते.
- ड्रायव्हरकडच्या पॅनेलवरून चालते, पण त्या दाराच्या स्वतःच्या बटणावर नाही. किंवा उलटं.
- दार उघडं असताना चालते, बंद केलं की नाही.
- आरसा वर-खाली होतो, पण डावी-उजवीकडे नाही. दोन्ही आरसे एकदम मेले. फोल्ड होताना टरटर आवाज येतो आणि थांबतच नाही.

यातलं तुमचं लक्षण कुठलं ते मनाशी पक्कं करा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आत काय चालतं

साध्या पॉवर विंडोच्या मोटरला दोनच वायरी असतात. बटणाला हात नसतो तेव्हा दोन्ही वायरी स्विचच्या आत अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडलेल्या असतात. वरचं बटण दाबलं की एका वायरला १२ व्होल्ट मिळतात आणि दुसरी अर्थिंगलाच राहते. खालचं दाबलं की अदलाबदल. एवढ्यावर मोटर उलट-सुलट फिरते. मोटरच्या टोकाला वर्म गिअर असतो. तो मोटरकडून फिरतो, पण काचेवर जोर देऊन उलटा फिरत नाही, म्हणून हाताने दाबून काच खाली सरकवता येत नाही. पुढे रेग्युलेटर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे काचेची मशीन म्हणतात: कात्रीसारखे पाय असलेली किंवा बारीक तारेवर चालणारी. हल्लीच्या गाड्यांत जास्त करून तारवाली.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच मेकॅनिकांनाही पटवून द्यावी लागते. पुष्कळ गाड्यांत बाकीच्या तीन दारांची वीज ड्रायव्हरच्या दारावरच्या पॅनेलमधून, म्हणजे मास्टर स्विचमधून, फिरून जाते. मागच्या दाराची मोटर स्वतःच्या बटणावर चालवली तरी तिची अर्थिंगची वाट मास्टर स्विचमधूनच. म्हणजे ड्रायव्हरच्या स्विचमध्ये पाणी शिरलं तर मागच्या दाराची काच बंद पडू शकते, आणि आपण उगाच मागचं दार खोलत बसतो.

हात न लावता करायच्या तपासण्या

आधी विंडो लॉकचं बटण. हसू नका. मुलांनी काचेशी खेळू नये म्हणून कुणीतरी दाबलेलं असतं आणि मग सगळे विसरतात. फक्त ड्रायव्हरच्या बटणावर चालते आणि बाकी कुणाच्याच नाही, तर पहिला संशय यावर. आरशाचंही तसंच: डावा की उजवा निवडायची जी छोटी कळ असते ती मधोमध असेल तर आरसा हलतच नाही. ती मधली जागा मुद्दाम ठेवलेली असते, चुकून धक्का लागून आरसा बदलू नये म्हणून.

दुसरं, थांबा. मोटरच्या आत जास्त तापल्यावर वीज तोडणारी सोय असते. अडकलेली काच पाच-सहा वेळा जोर करून दाबली की मोटर स्वतःच बंद होते आणि माणसाला वाटतं की जळाली. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. परत चालली तर मोटर जिवंत आहे आणि तिला काहीतरी अडवतंय, एवढं फुकटात कळलं.

तिसरी तपासणी माझी सगळ्यात आवडती. इंजिन बंद, चावी ऑन, हेडलाइट भिंतीवर पडेल अशी गाडी लावा. काचेचं बटण दाबा आणि भिंतीवरचा उजेड बघा. उजेड किंचित मंदावला म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचतेय आणि मोटर जोर लावतेय. दोष यांत्रिक आहे, म्हणजे रबर, मशीन किंवा खुद्द मोटर अडकलेली. उजेड जराही हलला नाही तर वीज वाटेतच तुटलीय: फ्यूज, स्विच, वायर किंवा मोटरच्या आत वीज पोचवणारा झिजलेला कार्बन ब्रश. मोटर अडली की ती १५–२० अँपिअरपर्यंत ओढते, मोकळी चालताना त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून हा फरक दिसतो. एलईडी दिव्यांवर हे कळत नाही. तेव्हा चार्जरच्या सॉकेटात लावायचा स्वस्तातला व्होल्टमीटर घ्या आणि आकडा पडतो का ते बघा. बॅटरीच अशक्त असेल, इंजिन बंद असताना १२ व्होल्टच्या खाली, तर आधी ती चार्ज करा. नाहीतर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतील.

बॅटरी नुकतीच काढून-घालून झाली असेल आणि फक्त ऑटोची सोय गेली असेल, तर बिघाड नाहीच. काच पूर्ण खाली न्या, मग पूर्ण वर न्या आणि वर पोचल्यावर बटण काही सेकंद तसंच धरून ठेवा. बहुतेक गाड्यांत काचेची वरची हद्द अशीच परत शिकवतात. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

ओलं फडकं आणि सिलिकॉन स्प्रे

वर येताना रखडणारी काच आणि वर जाऊन परत येणारी ऑटो काच, या दोन्हींत बऱ्याचदा दोषी एकच: काच ज्यात सरकते ते रबरी चॅनल. आपल्याकडची तांबडी माती त्यात बसते, पावसात भिजते, उन्हात वाळते आणि पॉलिश पेपरसारखी होते. ऑटो काचेला आडकाठी ओळखायची सोय असते. मध्ये कुणाचं बोट आलं तर काच लगेच मागे फिरावी म्हणून मोटरचा वेग किंवा तिने ओढलेली वीज सतत मोजली जाते. घट्ट रबर आणि बोट यांतला फरक तिला कळत नाही. ती आपलं काम बरोबरच करत असते.

काच पूर्ण खाली करा. पातळ लाकडी पट्टीला ओलं फडकं गुंडाळून चॅनलमध्ये वरून खालपर्यंत फिरवा. फडकं तांबडं यायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या आणि मग सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल, इंजिन ऑइल, ग्रीस यांतलं काहीही नको. पेट्रोलियमचं तेल रबर फुगवतं, आणि कुठल्याही तेलावर माती चिकटून आठवड्याभरात चिखल होतो. खोबरेल लावलेली दारं इतकी येतात की काच खाली केल्याबरोबर वासावरूनच कळतं. काचेला फिल्म लावलेली असेल तर तिच्या कडाही बघून घ्या. सुटलेली कड चॅनलमध्ये दुमडली की काच तिथेच अडते.

याच बैठकीत दाराची खालची कड बोटाने चाचपा. तिथे पाणी निघून जायची छोटी भोकं असतात. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोकळीत शिरणारच, कारखान्याने तसंच गृहीत धरलेलं असतं; त्याने फक्त खालून बाहेर पडायला हवं. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही भोकं पाल्याच्या चुऱ्याने बुजतात. दार उघडताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर समजा, मोटर डबक्याशेजारी बसलीय. माडाच्या झाडूची हीर घेऊन भोकं मोकळी करा. लोखंडी तार नको, आतला रंग खरवडला की गंज तिथूनच धरतो.

फ्यूज

चारही काचा एकदम गेल्या तर फ्यूज किंवा रिले (थोड्या विजेवर जास्त वीज चालू-बंद करणारा स्विच) बघा. एकच गेली असेल तर फ्यूजवर वेळ घालवण्यात बहुधा अर्थ नाही, जरी काही गाड्यांत प्रत्येक बाजूला वेगळा फ्यूज असतो. विंडोचा फ्यूज सहसा २० ते ३० अँपिअरचा. उडाला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा नवा घाला, एकदाच. परत उडाला की थांबा. मोठा फ्यूज किंवा वायरचा तुकडा घालून गाडी चालवणारे भेटतात. त्यांच्या दारातली वायर मग फ्यूजचं काम करते, म्हणजे जळते.

दोन्ही आरसे मेले असतील तर एक गंमत लक्षात ठेवा: काही गाड्यांत आरसे आणि मोबाइल चार्जरचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतं. स्वस्तातला चार्जर आत शॉर्ट झाला की आरसे मरतात, आणि माणूस आरशात दोष शोधत राहतो.

दार आणि खांबामधली रबरी नळी

दार पूर्ण उघडा. बिजागरीजवळ सुरकुत्यांची काळी रबरी नळी दिसेल. दारातली प्रत्येक वायर तिच्यातून जाते आणि दार उघडलं-मिटलं की तिथेच वाकते. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं, म्हणून तिथली वायर आधी तुटते. सेल्फ-ड्राइव्हला देतात त्या काळ्या पाटीच्या गाड्यांत हे लवकर होतं, दिवसभर दारं आपटली जातात ना.

तपासायला दुसरा माणूस हवा. एकाने काचेचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने दार अगदी हळू उघडायचं-मिटायचं आणि मधूनमधून नळी हाताने हलवायची. एखाद्या ठराविक कोनात काच दचकून हलली तर दुसरं काही शोधू नका. वायर बाहेरून अखंड दिसते, इन्सुलेशनच्या आत तांबं तुटलेलं असतं. नळी खांबाच्या बाजूने सोडवून मागे सारा आणि एकेक वायर हलकेच ओढून बघा. तुटलेली वायर रबरासारखी लांबते.

पिळून टेप लावू नका, खाऱ्या हवेत तो सांधा एक पावसाळाही काढत नाही. सांधा नेमक्या वाकायच्या जागीही नको. मधला तुकडा काढून टाका, तेवढ्याच जाडीची मऊ, बारीक तारांची वायर घाला आणि दोन्ही सांधे एक खांबाच्या आत, एक दाराच्या आत जातील असे घ्या. सोल्डर करून वरून हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी, नळी. सोल्डरिंगचा हात नसेल तर एवढंच काम वायरमनला द्या. दोष कुठे आहे ते तुम्ही शोधून दिलंत तर त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि तुमचे अर्धे पैसे.

मास्टर स्विच

पेट्रोल पंपावर पावसात काच खाली करतो तेव्हा पाणी पडतं कुठे? थेट ड्रायव्हरच्या पॅनेलवर. समुद्राकडच्या गाड्यांत त्यात मीठ. पॅनेल बहुतेक गाड्यांत प्लास्टिकच्या पट्टीने कडेवरून उचकटता येतं. स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर चरा पडतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून पिना बघा. पिनांवर हिरवट थर दिसला की कारण सापडलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबा, परत मारा आणि उन्हात नव्हे, पंख्याखाली वाळवा.

मागच्या दोन दारांचे स्विच एकसारखे असतील तर साफसफाईच्याही आधी त्यांची अदलाबदल करून बघा. दोष स्विचबरोबर दुसऱ्या दारात गेला तर स्विच खराब; जिथल्या तिथे राहिला तर वायर किंवा मोटर. स्विच उघडल्यावर प्लास्टिक वितळलेलं किंवा आतली पट्टी काळी पडलेली दिसली तर साफ करण्यात वेळ घालवू नका, नवा घ्या.

डोअर पॅड काढायचं असेल तर

पॅड म्हणजे दाराचं आतलं आवरण. इथून पुढे हात चालणाऱ्यानेच जावं. त्याआधी एक युक्ती: बटण दाबून धरा आणि मोटर जिथे असेल त्या जागी पॅडवर मुठीने हलकेच ठोका. काच चालू लागली तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. आता मोटर खरोखरच जाणार आहे. ठोकून चार दिवस काढता येतील, त्याहून जास्त भरवसा नको.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद असतो, काळ्या चिकट पट्टीने चिकटवलेला. तो शोभेसाठी नाही. दारात शिरलेलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो. घाईतले कारागीर तो फाडून तसाच सोडतात आणि पुढच्या पावसात पायाखालचं मॅट ओलं, स्पीकर बंद. हळूहळू सोलून काढा, चिकट पट्टी मातीत पडू देऊ नका, परत लावताना सगळीकडून दाबा.

मोटरच्या कपलरवर मल्टिमीटरपेक्षा साधा टेस्ट लॅम्प बरा, इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी लावून. कारण असं की वायर एका तारेवर लोंबत असली तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र खरी वीज मागतो आणि मिळाली नाही तर मिणमिणतो. दोन्ही पिनांवर बल्ब लावून वर आणि खाली दाबा. दोन्ही वेळा लख्ख पेटला आणि तरी कपलर लावल्यावर मोटर फिरत नाही, तर मोटर गेली म्हणायला हरकत नाही. मोटरला दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर हा प्रयोग करू नका. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं.

मोटर फिरते आणि काच हलत नाही, तर मशीनची तार तुटली किंवा काच धरणारी प्लास्टिकची क्लिप मोडली. तार ड्रमवर गुंतलेली असते, ती परत गुंडाळायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच गाड्यांना पूर्ण मशीनच बदलावी लागते, मात्र मोटर तीच राहू शकते. मशीनबरोबर मोटरही घ्यावीच लागेल असं कुणी सांगितलं तर त्याच्यासमोर वरचा बल्ब लावून दाखवा.

आरसे

आरशाच्या मागे दोन छोट्या मोटरी: एक वर-खाली, एक डावी-उजवी. दोघींची एक वायर सामाईक, म्हणून तीन वायरींत काम भागतं. यावरून निदान सोपं होतं. एकाच दिशेला हलत नाही तर ती मोटर, तिचा गिअर किंवा तिची वायर. दोन्ही दिशांना मेलाय पण दुसऱ्या बाजूचा चालतो, तर सामाईक वायर, म्हणजे परत तीच दारातली रबरी नळी, किंवा निवडायची कळ. मोटरचा आवाज येतो आणि काच हलत नाही, तर आत बघा. बाहेर उभ्या गाडीच्या आरशात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. ते ओल्या ब्रशने काढलं की पुष्कळदा काम झालं.

फोल्डिंगची टरटर हे वेगळंच प्रकरण. रायबंदर-चोडण फेरीबोटीत गाड्या चिकटून लागल्या की कुणीतरी हाताने आरसा आत ढकलतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला स्कूटरचा धक्का लागतो. आरसा आणि मोटरमधला क्लच जागचा सरकतो. बटणावरून पूर्ण फोल्ड करा, पूर्ण उघडा, परत एकदा. ‘टक्’ आवाज होऊन बसला तर सुटलात. नाही बसला आणि टरटर चालूच राहिली तर गिअरचे दात गेलेत. दुरुस्त होईपर्यंत फोल्डचं बटण वापरू नका. फुटलेली आरसाकाच बदलताना मूळच्याइतकीच बाकदार घ्या. सपाट काच घातली की मागचं दृश्य मोठं दिसतं, पण डावीकडची स्कूटर दिसतच नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. जळका वास आला. काच चॅनलमधून सुटून तिरकी झाली. ही टेम्पर्ड काच आहे, कडेला पाना लागला तर सगळी काच एकदम चुरा होऊन अंगावर येते. दारात पिवळा कपलर दिसला; तो एअरबॅगचा, त्याला मीटर, टेस्ट लॅम्प, काहीही लावायचं नाही. काही गाड्यांत दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब मोजून साइड एअरबॅगला इशारा देणारा सेन्सर असतो, तिथे तो प्लास्टिकचा कागद फाटका राहणंही धोक्याचं. ऑटो काच शिकवूनही शिकत नाही, किंवा एकेक करून सगळ्याच काचा वेड्यासारख्या वागतात, तर मॉड्यूलकडे, म्हणजे काचा चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याकडे, स्कॅनर लावूनच बघावं लागतं. आणि पुराच्या पाण्यात दाराच्या निम्म्यापर्यंत बुडालेल्या गाडीची चावीसुद्धा फिरवू नका. बॅटरीची वायर सोडवा आणि टोइंगवाल्याला फोन करा. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापायच्या आधीच थांबा.

काच उघडी अडकलीय आणि पाऊस आहे, तर दोघांनी दोन्ही बाजूंनी तळव्यांमध्ये काच धरून वर ओढा, तिसऱ्याने बटण दाबावं. वर आली की दाराच्या चौकटीवरून मास्किंग टेप लावा. खाकी पॅकिंग टेप नको, रंगावर त्याची चिकट राहते.

काम दुसऱ्याने केलं असेल तर गाडी ताब्यात घेताना बंद काचेवर बाहेरून दोन तांबे पाणी ओता. पाणी दाराच्या खालच्या भोकांतून टपकलं पाहिजे आणि आतलं मॅट कोरडं पाहिजे. मॅट ओलं झालं तर पैसे द्यायच्या आधी पॅड परत काढायला लावा.